पायडलची शर्यती होडी: घरी कशी बनते, कशी सुधारते

सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, व्हाइटफिश तलावावर, ग्रेग कोलोजेझिक या कॅनडाच्या माणसाने चोवीस तास पायडल मारून २४५.१६ किलोमीटर अंतर कापले. होडीला वल्हे नव्हते, शीड नव्हते, मोटर तर नव्हतीच. सरासरी वेग पडतो ताशी दहा किलोमीटरच्या थोडा वर, आणि तोही सलग एक दिवस-रात्र.

महाबळेश्वरला वेण्णा तलावावर पायडल बोटीत बसून आलेल्याला हा आकडा खरा वाटणार नाही. तिथे दोघांनी जीव खाऊन पायडल मारले तरी बोट काठाने चालणाऱ्या माणसाच्या पुढे जात नाही. कोलोजेझिकच्या पायांत आपल्यापेक्षा जास्त दम होता हे खरे, पण तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही. पायांतून निघालेली ताकद पाण्यापर्यंत पोचेतो वाटेत कुठे कुठे सांडते, यावर बाकीचे सगळे ठरते. घरी शर्यती होडी बनवणे आणि नंतर तिच्यात बदल करत राहणे म्हणजे ही सांडलवंड शोधून एकेक भोक बुजवणे. ते कसे करतात, हे इथे क्रमाने पाहू.

इंजिन केवढे?

सराव नसलेला निरोगी माणूस तासभर साधारण शंभर वॉट देऊ शकतो. नियमित सायकल चालवणारा दीडशे ते अडीचशे वॉटपर्यंत जातो. दहा-वीस सेकंदांच्या झटक्यात आकडा कितीतरी मोठा दिसतो, पण लांबच्या शर्यतीत त्याचा उपयोग नाही. म्हणून हिशेबासाठी दीडशे वॉट धरू. म्हणजे एका अश्वशक्तीचा जेमतेम पाचवा हिस्सा. होडीला मागे लावायची छोट्यात छोटी पेट्रोल मोटरही याच्या दसपट ताकदीची असते.

दुसरी गोष्ट त्याहून कडक आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्या विरोधाविरुद्ध होडी ढकलायला लागणारी ताकद घनाने वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद तेहतीस टक्के जास्त हवी. नुसत्या व्यायामाने तेवढी वाढ मिळायला वर्ष जाईल आणि तरी मिळेलच असे नाही. होडीतला विरोध दहा टक्के कमी केला तर मात्र त्याच दमात साडेतीन टक्के वेग वाढतो. दहा किलोमीटरच्या शर्यतीत याचा अर्थ जवळपास दोन मिनिटे. शर्यती तेवढ्यावर जिंकल्या जातात.

एका होडीचा जमाखर्च

उदाहरण म्हणून सात मीटर लांब, निमुळती होडी घेऊ. माणूस ७५ किलो, होडी ३५ किलो, एकूण ११० किलो. पाण्यात भिजणारा पृष्ठभाग सुमारे २.३ चौरस मीटर. वेग सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी १०.८ किलोमीटर.

या वेगाला पाण्याच्या घर्षणाचा विरोध साधारण २७ न्यूटन येतो. होडी पुढे जाताना लाटा उठवते. त्या लाटांत गेलेली ताकद, सुकाणूचा विरोध आणि अंगावर येणारी हवा मिळून आणखी अकरा. एकूण ३८ न्यूटन, म्हणजे चार किलोला थोडी कमी एवढी ओढ. तिला वेगाने गुणले की ११४ वॉट. होडीला प्रत्यक्षात एवढेच लागतात. पण पायडल ते पाणी या प्रवासात चेन, बेअरिंग आणि पाण्यात फिरून होडी ढकलणारा पंखा आपापला वाटा काढून घेतात. शंभरातले ऐंशी वॉट कामी आले तर पायांना १४२ वॉट द्यावे लागतील. साठच आले तर १९०. तीच होडी, तोच वेग, आणि पायांवर अठ्ठेचाळीस वॉटचा जादा बोजा. १४२ वॉट तासभर देणारे पुष्कळ सापडतील. १९० देणारे त्याहून कमी.

हा जमाखर्च डोळ्यांपुढे ठेवला की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो. एखादा बदल किती न्यूटन किंवा किती वॉट वाचवतो, एवढेच विचारायचे.

लांबी, रुंदी आणि तोल

होडीच्या लाटांचा एक ढोबळ नियम आहे: मीटरमधल्या लांबीचे वर्गमूळ काढून त्याला साडेचाराने गुणले की ताशी किलोमीटरमधला तो वेग मिळतो, ज्याच्या आसपास होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खोलगटात अडकू लागते. चार मीटरच्या होडीला हा आकडा नऊ येतो, सात मीटरच्या होडीला बाराच्या आसपास. आपल्याला अकराने जायचे आहे, म्हणून चार मीटरची होडी सुरुवातीलाच बाद. रुंदीच्या मानाने होडी खूप लांब असली, पंधरापट-वीसपट, तर तिच्या लाटाच इतक्या बारीक उठतात की हा अडसर सौम्य होतो. रिओ ऑलिंपिकमध्ये चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वल्हवण्याच्या ज्या प्रकारच्या एकेरी होडीत तेरावा आला, ती सुमारे आठ मीटर लांब असते आणि नियमानुसार तिचे वजन चौदा किलोपेक्षा कमी चालत नाही. बहुतेक शर्यती पायडल होड्यांचे तळ त्याच वळणाचे असतात.

मग दहा मीटर लांब का नको? लांबी वाढली की भिजणारा पृष्ठभाग वाढतो आणि लाटांत वाचलेले घर्षणात जाते. एका माणसाच्या ताकदीला आणि ताशी अकरा किलोमीटरला सहा ते साडेसात मीटर हा पट्टा बरा पडतो. ऑस्ट्रेलियातले लिओ लाझाउस्कस यांनी लिहिलेला ‘मिचलेट’ हा संगणक-प्रोग्राम हौशी लोक वर्षानुवर्षे याच कामासाठी वापरत आले आहेत. तळाचा आकार, वजन आणि वेग सांगितला की तो विरोधाचा अंदाज काढून देतो.

नुसती लांबी पुरत नाही हे दाखवणारी एक प्रसिद्ध होडी आहे: ‘मोक्ष’. जेसन लुईस आणि स्टीव्ह स्मिथ या दोघा ब्रिटिश तरुणांनी १९९४-९५मध्ये पायडल मारत ती पोर्तुगालहून अटलांटिकपार मायामीला १११ दिवसांत नेली. पुढे २००७मध्ये लुईस याच होडीतून मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून जिबूतीला पोचला. ‘मोक्ष’ २६ फुटांची, म्हणजे आपल्या उदाहरणापेक्षाही लांब. पण तिच्यात झोपायची जागा, अन्न, पाणी आणि वादळात उलटली तरी सरळ होण्याची सोय होती. त्यामुळे ती रुंद आणि जड, वेग चालण्याइतका. समुद्र ओलांडायला ती योग्यच होती. शर्यतीला तिचे गणित उपयोगाचे नाही.

निमुळत्या होडीची अडचण तोलाची. पाण्याच्या रेषेवर रुंदी चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर असली तर आपण जरा हललो तरी ती कलंडते. दोन उपाय एकत्र करतात. पहिला, बैठक जितकी खाली नेता येईल तितकी न्यायची: मागे रेलून, पाय पुढे करून बसायचे, ढुंगण जवळपास तळाला टेकलेले. पायडलच्या फिरण्याला मात्र वर जागा लागते, म्हणून होडी पाण्याच्या रेषेवर अरुंद आणि वरच्या कडेला रुंद ठेवतात. दुसरा उपाय कोकणच्या किनाऱ्याला नवा नाही: उलांडी, म्हणजे होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांवर बसवलेला तरंगता आधार. फरक इतकाच की शर्यती होडीला ती दोन्ही बाजूंना लावतात आणि होडी सरळ असताना त्या पाण्याला टेकू देत नाहीत. होडी कलली की टेकतील, एरवी नाही.

उलांडी केवढी हवी, हे काढता येते. मध्यापासून ८० सेंटिमीटरवर दहा लिटरची पोकळ उलांडी असेल तर ती पूर्ण बुडताना ८ किलोग्रॅम-मीटरचा उलटा जोर देते. ऐंशी किलोचा माणूस दहा सेंटिमीटर बाजूला झुकला तर तेवढाच जोर कलवायला लागतो. रोजच्या वापराला हे पुरते. सराव वाढला की उलांडी लहान करता येते, आणि हीच नंतरच्या सुधारणांतली एक असते.

सांगाडा

घरी होडी बांधायची सर्वांत सोपी रीत म्हणजे प्लायवूडच्या पट्ट्या तारेने शिवून मग चिकटवणे. १९६३च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘मिरर’ नावाची लहान शिडाची होडी याच पद्धतीने बाजारात आली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ती सुतारकाम न येणाऱ्या माणसालाही घरी बांधता यावी म्हणून आखली होती. तेव्हापासून ही रीत जगभर रुळली.

आठ फुटी प्लायची एक फळी २.४४ मीटर भरते, म्हणून सात मीटरसाठी तीन फळ्या लांबीत जोडाव्या लागतात. टोकाला टोक लावून चालत नाही. दोन्ही टोके जाडीच्या आठपट लांबीपर्यंत उतरती तासून एकमेकांवर चढवतात. चार मिलिमीटरच्या प्लायला हा उतार बत्तीस मिलिमीटरचा. जोडलेल्या लांब पट्ट्यांवर आकार काढून कापतात, कडेने दर दहा सेंटिमीटरवर भोके पाडतात आणि तांब्याच्या तारेचे टाके घालून आवळतात. सपाट पट्ट्यांची होडी इथेच उभी राहते. मग आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून भरतात, वर काचेच्या कापडाची पट्टी बसवतात, तारा काढून टाकतात, आणि बाहेरून दर चौरस मीटरला दोनशे ग्रॅम वजनाचे काचेचे कापड इपॉक्सीने चढवतात.

आपल्याकडे ‘आयएस ७१०’ शिक्क्याचा मरीन प्लाय मिळतो. तो पाण्याला पक्का असतो, पण वजनाला भारी: चार मिलिमीटरचा चौरस मीटर अडीच-तीन किलोपर्यंत जातो. म्हणून आतल्या आडव्या पट्ट्या आणि बैठक यांच्यात वजन वाचवावे. दुसरी सूचना रेझिनची. पाण्याच्या टाक्या आणि शेड बनवणारे फायबरवाले सहसा पॉलिएस्टर रेझिन वापरतात. लाकडावर ते नीट धरत नाही, काही काळाने पापुद्रा सुटतो. लाकडाला इपॉक्सीच हवे. उन्हाळ्यात ते भांड्यातच तापून गोठते, म्हणून थोडे थोडे कालवावे. पावसाळ्यात वर चिकट थर येतो, तो पाण्याने धुऊन मगच पुढचा हात द्यावा. हातमोजे आणि घासताना मास्क, हे दोन्ही विसरू नयेत.

नाळेकडच्या आणि मागच्या टोकाला पक्के बंद कप्पे करावेत. होडीत पाणी भरले तरी ती बुडणार नाही, एवढी हवा त्यांत राहिली पाहिजे.

पायांपासून पाण्यापर्यंत

पायडल फिरते होडीच्या लांबीच्या दिशेने आणि पंखा फिरायला हवा त्याच्या आडवा. म्हणजे कुठेतरी काटकोनात वळण घ्यावे लागते. शिवाय पाय मिनिटाला ऐंशी फेरे घेतात, पंख्याला तीनशेच्या आसपास लागतात. तेव्हा चौपट वाढही हवी. ही दोन कामे कोणत्या क्रमाने करायची, यावर यंत्रणा टिकते की तुटते ते ठरते.

दीडशे वॉटला ऐंशी फेऱ्यांवर क्रँकमध्ये सुमारे १८ न्यूटन-मीटरचा पीळ येतो, आणि पाय दाबण्याच्या क्षणी याच्या दीड-दोनपट. आधी चेनने फेरे चौपट केले तर तोच पीळ साडेचारावर येतो. म्हणून आधी वेग वाढवावा, मग काटकोन घ्यावा. तसे केले तर बेव्हल गिअरची छोटी पेटी पुरते. उलट क्रमाने गेलात तर पेटी भारी घ्यावी लागते किंवा तिचे दाते जातात. समोर ५२ दात्यांचे चेनव्हील आणि मागे १३चा फ्रीव्हील, असा जुन्या सायकलीच्या सुट्या भागांचा जोड थेट चौपट देतो.

गिअरपेटी टाळायची असेल तर चेनलाच पाव पीळ देतात: वरचे चक्र उभे, खालचे आडवे, आणि मधल्या अंतरात चेन हळूहळू वळते. अंतर पुरेसे ठेवले तर ती निमूट चालते, कमी ठेवले तर उडी मारते. ही रीत स्वस्त आहे, पण चक्रांची सरळ रेष डोळ्यात तेल घालून जुळवावी लागते. चेन खाऱ्या पाण्यात गंजते, म्हणून प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन तेल द्यावे.

शाफ्टचा प्रश्न त्यानंतर. सरळ शाफ्ट होडीच्या आतून पाण्यात तिरका उतरतो आणि पंखाही तिरका बसतो. प्रत्येक पात्याला फेरीच्या एका अर्ध्यात जास्त आणि दुसऱ्या अर्ध्यात कमी भार येतो. ऑस्ट्रेलियातल्या रिक विलोबी या होडीबांधणाऱ्याने यावर सोपा तोडगा वापरला: स्प्रिंग-स्टीलची लांब, बारीक सळई. ती बाकदार राहून फिरते, पाण्यात अलगद उतरते आणि पंख्याजवळ आडवी होते. पाण्याखालच्या या वळणाला ना गिअर लागतो, ना सांधा. कोलोजेझिकच्या विक्रमी होडीमागे विलोबीचेच आरेखन होते.

पंखा

बाहेरून आलेल्या माणसाला पंखा पाहून नवल वाटते. मोटरबोटीचा पंखा छोटा, जाड, तीन-चार पात्यांचा; पायडल होडीचा मोठा, बारीक, दोन पात्यांचा. कारण सोपे आहे. होडी पुढे ढकलायची तर पाणी मागे ढकलावे लागते. थोडे पाणी जोरात ढकलले तर बरीच ताकद त्या पाण्याला वेग देण्यात फुकट जाते. भरपूर पाणी हळू ढकलले तर कमी जाते. आपल्या उदाहरणात १५ सेंटिमीटरच्या पंख्याचे एवढ्यानेच दहा टक्के नुकसान होते, तर ४२ सेंटिमीटरच्या पंख्याचे दोन टक्क्यांहून कमी. पात्यांचे घर्षण वेगळे. पात्यांचा एकंदर पृष्ठभाग कमी ठेवायचा म्हणून पाती दोनच आणि अरुंद.

पंख्याचा पिच म्हणजे घसरला नाही तर तो एका फेरीत किती पुढे जाईल ते अंतर. पिच ६० सेंटिमीटर, पाय ऐंशीवर, चौपट वाढ: पंखा मिनिटाला ३२० फेरे घेतो आणि १९२ मीटर जायला हवा. होडी प्रत्यक्षात १८० मीटर गेली तर घसरण सहा टक्के. हे उत्तम. घसरण पंधराच्या वर गेली तर पंख्याला गवत अडकले आहे, तो हवा ओढतो आहे, किंवा आकारच चुकला आहे असे समजावे.

पात्याला पीळ का देतात, तेही यातूनच कळते. टोक मोठे वर्तुळ फिरते आणि मूळ छोटे, पण एका फेरीत दोघांनी पुढे जायचे सारखेच. म्हणून ४२ सेंटिमीटरच्या पंख्यात टोकाला कोन साधारण साडेचोवीस अंश ठेवतात, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर साडेबत्तीस आणि १०.५ सेंटिमीटरवर बेचाळीस. घरी पंखा बनवणारे ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची पट्टी या कोनांत पिळून, पुढची बाजू फुगीर आणि मागची सपाट घासून, लेथवर कातलेल्या मधल्या गोळ्याला बसवतात. मार्टिन हेपर्ले यांचा ‘जावाप्रॉप’ हा मोफत प्रोग्राम पात्याची रुंदी आणि कोन काढून देतो. सुरुवातीला बरेच जण मॉडेल विमानाचा सोळा इंची प्लास्टिकचा पंखा लावतात. तो चालतो, पण दगडाला लागला की पाते गेलेच. शिवाय त्याचा पिच कमी असल्याने वाढ सहापटीपर्यंत न्यावी लागते.

पाण्याखालची साधी नळी

आता अशी एक जागा, जिथे बहुतेक पहिल्या होड्या मार खातात. पंखा धरायला आणि शाफ्ट खाली न्यायला पाण्यात एक उभा आधार लागतो. वेल्डर सवयीने २५ मिलिमीटरची गोल नळी लावून देतो. दिसायला ती काहीच नाही. पण तीस सेंटिमीटर पाण्यात असलेली ही नळी सेकंदाला तीन मीटर वेगाला ३५ न्यूटनच्या आसपास विरोध करते. अख्ख्या सात मीटरच्या होडीचा विरोध ३८ आहे, हे आठवावे. एका नळीने काम दुप्पट केले.

गोल वस्तूच्या पुढून पाणी सहज फाकते, पण मागे ते परत जुळत नाही. तिथे भोवरे होतात आणि ते नळीला मागे ओढतात. त्याच जाडीच्या आधाराला पुढून गोलसर आणि मागे लांब निमुळता आकार दिला तर विरोध तीन-चार न्यूटनवर येतो. त्यासाठी नळी बदलायचीही गरज नाही. मागे फोमचा निमुळता तुकडा चिकटवून वर काचेचे कापड चढवले की झाले. सुकाणूच्या दांड्याला, उलांडीच्या टेकूला, तळातून बाहेर आलेल्या बोल्टच्या डोक्यालाही हाच न्याय. पाण्यात जे जे आहे त्याची मागची बाजू आधी पाहावी.

मोजल्याशिवाय बदल नाही

होडी ‘आता चांगली पळते’ असे वाटणे आणि ती खरोखर पळणे यांत अंतर असते. वारा, प्रवाह आणि त्या दिवशीचा उत्साह मध्ये येतात. म्हणून ठरावीक अंतर एकदा जाताना आणि एकदा येताना जीपीएस घड्याळाने मोजावे आणि सरासरी काढावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सायकलचा पॉवर मीटर क्रँकला बसवता आला तर उत्तम. नसेल तर पायडलचे फेरे मोजावेत. तोच पंखा, तेच गिअर आणि तेच फेरे असताना वेग वाढला तर घसरण कमी झाली, म्हणजे कुठेतरी विरोध घटला.

नुसत्या होडीचा विरोध मोजायचा तर दुसऱ्या होडीने ती लांब दोरीने ओढतात आणि मध्ये स्प्रिंगचा काटा लावतात. माणूस बसलेला, पंखा वर उचललेला. मग पंखा खाली करून पुन्हा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे पंखा आणि त्याचा आधार मिळून घेत असलेला वाटा.

बदल कशासाठी करायचा, हे शर्यतीवर ठरते. युरोपातल्या जहाजबांधणीच्या विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय पायडल-होडी स्पर्धा दरवर्षी भरते. तिच्यात शंभर मीटर धाव, वळणावळणांची शर्यत, लांब पल्ला, आणि खांबाला बांधून कोण किती ओढतो असेही प्रकार असतात. ओढण्याला कमी पिचचा पंखा हवा, लांब पल्ल्याला जास्त पिचचा. म्हणून तिथल्या होड्या तडजोडीवर बेतलेल्या असतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ‘सेव्हंटी-४८’ या शर्यतीत टॅकोमा ते पोर्ट टाउनसेंड हे सत्तर मैल अठ्ठेचाळीस तासांत मानवी ताकदीवरच कापायचे असतात. तिथे रात्री झोप आली तरी उलटणार नाही आणि समुद्रशेवाळ अडकले तर पंखा बसल्या जागेवरून वर उचलता येईल, हे वेगाइतकेच महत्त्वाचे.

घरच्या होडीसाठी सुधारणांचा एक शहाणा क्रम असा: आधी पाण्याखालच्या सगळ्या गोल वस्तू निमुळत्या करा. मग पंखा मोठा आणि नीट पिळाचा करा. मग तळ पॉलिश पेपरने घोटून सपाट करा. लंबीत (पुट्टीच्या थरात) राहिलेली उंचवट्यांची लाट रंगाने झाकली जाते, पाण्याला मात्र कळते. त्यानंतर वजन: दहा किलो कमी झाले तर वेग जेमतेम दीड टक्का वाढतो, म्हणून ते चौथ्या जागी. नवी, लांब होडी बांधणे सगळ्यात शेवटी. नवशिके नेमके उलटे करतात. महागडी हलकी होडी बांधतात आणि तिला गोल नळीवर छोटा पंखा लावतात.

पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या होड्या

या सगळ्याच्या पुढे एक वाट जाते: पाण्याखाली विमानासारखे लहान पंख लावून होडी वर उचलायची. मग होडीचा तळ पाण्यात राहतच नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ॲलन ॲबट आणि ॲलेक ब्रुक्स यांनी ‘फ्लाइंग फिश’ बांधून हे शक्य असल्याचे दाखवले. २७ ऑक्टोबर १९९१ रोजी बोस्टनच्या चार्ल्स नदीवर एमआयटीच्या चमूच्या ‘डेकाव्हिटेटर’ने शंभर मीटरवर साडेअठरा नॉट, म्हणजे ताशी ३४ किलोमीटरहून जास्त वेग गाठला. पायडल मारत होते मार्क ड्रेला, विमानशास्त्राचे प्राध्यापक. तिचा पंखा पाण्यात नव्हता, हवेत होता. उठताना मोठा पाण्यातला पंख वापरून वेग आला की तो वर ओढून घ्यायचा आणि छोट्यावर पळायचे, अशी तिची युक्ती होती.

गणित आकर्षक आहे. सेकंदाला सहा मीटर वेगाला एक मीटर लांब आणि नऊ सेंटिमीटर रुंद एवढा पंख शंभर किलो उचलू शकतो आणि ढोबळ हिशेबाने साडेतीनशे वॉटच्या आसपास काम भागते. त्याच वेगाला साध्या तळाच्या होडीला सातशेच्या वर लागतील. पण साडेतीनशे वॉट तासभर देणारे पाय फारच थोड्यांचे असतात. आणि त्या वेगाला पोचेपर्यंत हाच पंख निव्वळ ओझे असतो. ताशी दहा-अकराला तो होडीला वर काढू शकत नाही, मागे मात्र ओढतो. म्हणून या होड्या विक्रमाच्या धावेसाठी आहेत. दहा किलोमीटर पळणाऱ्याने साध्या तळावरच भरवसा ठेवावा.

बांधायला घ्याल तर पहिली चाचणी उथळ, शांत पाण्यात, काठाला समांतर करा आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. आडवे रेलून, पाय पायडलला पट्ट्याने बांधलेले असताना होडी उलटली तर बाहेर पडायला वेळ लागतो. तो सराव आधी कमरेइतक्या पाण्यात, सोबत माणूस उभा करून, करून घ्या. तलाव किंवा जलाशय ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी काढा. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: तारीख, वारा, फेरे, वेग, काय बदलले. ती वही नसेल तर पुढच्या बदलाने होडी सुधारली की बिघडली, हे सांगता येणार नाही.